सायकलवरची गरम कॉफी

फिनलंडमधल्या ऊलू शहरात पारा उणे 20 अंशांवर उतरला तरी कितीतरी लोक सायकलनेच कामावर जातात. अशा वेळी साध्या बाटलीतली कॉफी ऑफिस येईपर्यंत कोमट होते, आणि त्याला थंडीइतकाच वाराही कारणीभूत असतो. बाटलीभोवती तापलेल्या हवेचा पातळ थर असतो. तेच तिचं पांघरूण. ताशी 20 किलोमीटर वेगाने जाताना वारा ते सतत ओढून नेतो.

थर्मासला वाऱ्याची फारशी फिकीर नसते. त्याच्या दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे बाहेरची भिंत तापतच नाही म्हणा ना. जेम्स ड्यूअर यांनी 1892 मध्ये लंडनमध्ये हे भांडं बनवलं, ते मात्र अतिथंड द्रवरूप वायूंसाठी! पेटंट त्यांनी घेतलं नाही. बाजारात पैसा केला तो जर्मन कारागिरांनी.

उष्णता निसटते ती मुख्यतः तोंडाशी. तिथे दोन्ही भिंती जोडलेल्या असतात. कॉफी कमी असली तरी ही गळती जवळपास तेवढीच, म्हणून थर्मास शक्यतो भरलेला न्यावा, आणि आधी पाच मिनिटं उकळतं पाणी घालून ठेवावं. नाहीतर गार स्टीलच कॉफीची पहिली ऊब पिऊन टाकतं. फ्रिजमधलं दूध थेट ओतणाऱ्यांना काय सांगावं! सिग्नलला झाकण उघडलं की वाफेबरोबर उष्णताही जाते. शिवाय वरच्या कपाच्या आट्यांत सांडलेला थेंब गोठला, तर कप फिरता फिरत नाही. निघण्याआधी आटे कोरडे पुसलेले बरे.