पाण्यातील अमिबा आणि डोळ्यातील फूल

डोळ्याचा साधा जंतुसंसर्ग बरा होण्यास सहा-सहा महिने का लागावेत, असा प्रश्न देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक वारंवार विचारतात. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा. तथापि नेत्रविभागातील तज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहे.

अकँथामिबा हा एकपेशीय जीव माती, धूळ, विहिरी, तलाव, इतकेच नव्हे तर नळाच्या पाण्यातही आढळतो. जगण्यासाठी त्यास मनुष्यदेहाची गरज नसते; जीवाणू खाऊन तो स्वतंत्रपणे राहतो. पारपटलावर, म्हणजे बुबुळासमोरील पारदर्शक पडद्यावर, ओरखडा पडला की त्यास आत शिरण्यास वाट मिळते. परिस्थिती प्रतिकूल होताच तो स्वतःभोवती दुहेरी कवच निर्माण करतो. या कवचापुढे नेहमीची औषधे निष्प्रभ ठरतात, आणि उपचार मध्येच थांबल्यास तो पुन्हा जागा होतो. विलंबाचे खरे कारण हेच.

इंग्लंडमधील अशा रुग्णांची माहिती १९७४ साली प्रसिद्ध झाली. पाश्चात्त्य देशांत बहुतांश रुग्ण कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारे असतात. आपल्याकडे मात्र डोळ्यात माती, कुसळ वा दूषित पाणी गेलेले शेतकरी व कष्टकरीच अधिक.

वेदना पुष्कळदा बाह्य लक्षणांच्या मानाने फार तीव्र असतात. नागीण किंवा बुरशी समजून उपचार भलतीकडेच जातात. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब तर घातकच. वास्तविक पारपटलाचा व्रण हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास निदान होऊ शकते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब व अनुभवी नजर, एवढेच त्याचे भांडवल. (हिशेबाच्या दृष्टीने इतकी स्वस्त आणि इतकी मोलाची तपासणी विरळाच.)

उपचारासाठी पीएचएमबी अथवा क्लोरहेक्सिडिनचे ०.०२ टक्के तीव्रतेचे थेंब देतात. यांपैकी पीएचएमबी जलतरण तलावाच्या निर्जंतुकीकरणासाठीही वापरले जाते! आरंभी ते दर तासाला, रात्रीदेखील घालावे लागतात. पुढे प्रमाण कमी करीत कित्येक महिने. वेदना शमली की रुग्ण पेरणीसाठी गावी परततो आणि थेंब बंद पडतात. नातेवाइकांनी नेमके येथेच जागरूक राहावे, ही विनंती. फूल राहून दृष्टी अधू झाल्यास नेत्ररोपणाचा मार्ग आहे; परंतु शक्यतो संसर्ग पूर्ण शमल्यावरच, आणि तोही कोणाच्या तरी नेत्रदानावर अवलंबून.

या रुग्णांचा खर्च शस्त्रक्रियेसारखा एकदाच होत नाही. तो दरमहा थोडाथोडा, परंतु खंड न पडता करावा लागतो. देणगीदारांनी निर्धन रुग्ण निधीस दिलेल्या रकमेतून थेंबांच्या बाटल्यांबरोबरच रात्री उठून ते घालणाऱ्या नातेवाइकाचे दोन वेळचे जेवणही भागते.