अडीचशे चौरस फुटांतला माणूस

कळंब तालुक्यातल्या जुन्या गावांत माळवदाची घरं अजून दिसतात. दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचा जाड थर. अशाच मातीच्या ओझ्याखाली ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी-सास्तूर पट्ट्यात सुमारे आठ हजार माणसं गेली. पुढे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. माणूस म्हणून जगायला नेमकं काय लागतं, हा मानववंशशास्त्राचा मूळ प्रश्न. त्याचं उत्तर पुस्तकांपेक्षा या गावांत जास्त स्पष्ट मिळतं, असं मला वाटतं.

नवी घरं जमीनधारणेनुसार ठरली: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, सात हेक्टरांवरच्यांना ७५०. रस्ते सरळ, काटकोनात. घरं सुटी, एकमेकांपासून अंतर राखून. भूकंपाच्या हिशेबानं हे योग्यच होतं. पण जुनं घर म्हणजे नुसत्या खोल्या नव्हत्या. ढेलजेत परक्या माणसाला बसवता येई, आतल्या चौकात बायकांची कामं चालत, बळदात धान्य राही, गुरं दाराशी असत. भावकी एका गल्लीत असल्यानं म्हाताऱ्याकडे आणि तान्ह्याकडे आपोआप कुणाचं तरी लक्ष असे. आराखड्यात यातल्या कशालाच रकाना नव्हता. गाव कितीतरी पट पसरलं आणि शेजार लांब गेला.

हे आधी कळणं अशक्य होतं, असंही नाही. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी करून १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ती प्रसिद्ध केली होती. उठवलेल्या माणसाची मोडणारी नाती महाराष्ट्रातल्या मानववंशशास्त्रानं किल्लारीच्या चोवीस वर्षं आधीच अभ्यासाला घेतली होती. नकाशे आखणाऱ्यांच्या टेबलावर या अभ्यासाला अभियांत्रिकीइतकी जागा मिळाली नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जुन्या गल्ल्या जातीच्या होत्या, काहींची घरं तर वेशीबाहेर. ती रचना मोडली तर हळहळ कशाला? हळहळू नये, हे खरंच. ओसरीचं कौतुक करताना त्या ओसरीवर कुणाला चढू दिलं जात नव्हतं, हे विसरणारा अभ्यास अर्धवट राहतो. पण ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जमीन येऊच दिली नाही, त्यांना जमिनीच्या मापानंच घर देणं म्हणजे तीच उतरंड चौरस फुटांत बांधणं. गावाची वीण वाचता आली असती, तर हा निकषच आधी खटकला असता. दुसरा आक्षेप असा की, माणूस कुठंही रुळतो. रुळला आहेच. नंतरच्या वर्षांत लोकांनी झाडं लावली, पडव्या काढल्या, कुंपणभिंती घातल्या, स्वयंपाक बाहेर आणला. पण त्यांनी काय जोडलं ते पाहावं: नेमकं आराखड्यानं वगळलेलं. जगाच्या पाठीवर कुठलाही समाज निव्वळ छपराखाली राहत नाही. आतलं-बाहेरचं, आपलं-परकं यांच्या सीमा तो आखतोच. हे सार्वत्रिक आहे. त्या सीमा कुठे पडतात, हे मात्र त्या त्या गावात जाऊन, राहूनच कळतं.

हा प्रश्न भूकंपापुरता नाही. आजच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र, स्वयंपाकाची जागा धरून, २५ चौरस मीटर आहे; म्हणजे पुन्हा अडीचशे चौरस फुटांच्या आसपास. पात्रता ठरवताना भिंती आणि छप्पर कच्चं की पक्कं आणि खोल्या किती, हे पाहतात. कळंब भागातून ऊसतोडीला जाणारं कुटुंब वर्षातले कित्येक महिने गावाबाहेर असतं. मागे राहिलेली म्हातारी कुणाच्या भरवशावर असते, शेळ्या कुठे बांधल्या जातात, वर्षाचं धान्य कुठे ठेवलं जातं, हे त्याच पाहणीत विचारायला फारसा खर्च येणार नाही.