सह्याद्रीची उंची आणि आपल्या पावसाचा अंदाज

मोबाईलवर पावसाचा अंदाज पाहून कोळपणी, खत व औषधफवारणी ठरविण्याची चाल आतां गांवोगांव पडली आहे. अंदाज कधीं खरा ठरतो, कधीं फसतो. आणि फसला म्हणजे वेधशाळेच्या नांवानें खडे फोडले जातात. परंतु आपल्या हातकणंगले तालुक्यांत अंदाज चुकण्याचें एक मोठें कारण पश्चिमेस उभ्या असलेल्या सह्याद्रींत आहे. तें नीट समजून घेतलें तर त्याच अंदाजाचा आपणांस अधिक उपयोग करून घेतां येईल.

नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरील बाष्प घेऊन कोकणपट्टी ओलांडतो व घाटाच्या कड्याशीं येऊन वर चढतो. चढतांना हवा थंड होते, बाष्पाचें पाणी बनतें व तें घाटमाथ्यावर कोसळतें. पलीकडे उतरतांना तीच हवा उबदार व कोरडी होत जाते. यामुळें गगनबावड्यास वर्षाकाठीं पांच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर तेथून सुमारें ७० किलोमीटरांवरील आपल्या तालुक्यांत तो सहा-सातशे मिलिमीटरांच्या आसपासच असतो. कचेरींत पर्जन्यमापकाचे तक्ते ज्यांनीं लिहिले, त्यांस हा फरक नवा नाहीं.

आतां संगणक अंदाज कसा काढतो तें पाहूं. सर्व पृथ्वीचे लहान लहान चौकोन पाडावयाचे आणि प्रत्येक चौकोनांतील वारा, उष्णता, बाष्प यांचें गणित करीत पुढील दिवसांची स्थिति काढावयाची, अशी ही रीति आहे. मात्र एका चौकोनास जमिनीची एकच सरासरी उंची मिळते. गांवची पैसेवारी काढतांना एखाद्याचें भरघोस रान व शेजारचें जळालेलें रान एकाच आंकड्यांत मिसळून जातें, तसेंच येथें होतें. शंभर किलोमीटरांच्या चौकोनांत कोंकण, कडा व देश हीं तिन्हीं एकत्र आलीं कीं सह्याद्रि पर्वत न राहतां एक पसरट उंचवटा उरतो. त्यावरून वारा हळूहळू चढतो, म्हणून हिशेबांत घाटावरचा पाऊस कमी पडतो आणि देशावर, म्हणजे आपल्याकडे, पुष्कळदां जास्त दिसतो.

यावर शास्त्रज्ञांनीं दोन तऱ्हेचे उपाय केले. पहिला उपाय उंचीचा. इंग्लंडांतील रेडिंग येथील युरोपीय हवामानकेंद्रांत १९८३ च्या सुमारास सरासरी उंचीऐवजीं डोंगर मुद्दाम थोडे अधिक उंच धरून पाहिले व अंदाज सुधारले. दुसरा उपाय पोटखराब्यासारखा आहे. सर्व्हे नंबरांतील ओढाखडकाला वेगळा नंबर नसतो, तरी आकारणींत त्याचा हिशेब धरतात. त्याचप्रमाणें चौकोनांत न मावणारे सुळके व दऱ्या वाऱ्यास किती अडवितात, आणि डोंगरावरून उठलेल्या हवेच्या लाटा उंच आकाशांत फुटून तेथील वाऱ्यास कशा मंद करतात, याची वजावट गणितांत निराळी घातली जाते. ही लाटांची वजावट ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं १९८६ सालीं मांडली. त्यापूर्वीं हिशेबांतले पश्चिमी वारे वाजवीपेक्षां जोराचे निघत.

आपल्या प्रांतांतहि हें काम झालें आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेंत आर. पी. सरकार यांनीं १९६६ सालीं वाऱ्याच्या चढावरून पश्चिम घाटांतील पावसाचें गणित मांडलें. त्याच पुण्याच्या संस्थेनें घडविलेली, सहा किलोमीटरांचे चौकोन असलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ रोजीं सुरू झाली. त्यापूर्वींची अंदाजपद्धति बारा किलोमीटरांची होती. चौकोन लहान झाल्यानें सह्याद्रि पूर्वींपेक्षां पुष्कळच खऱ्या रूपांत उभा राहिला आहे. तरीहि तुटलेला कडा सहा किलोमीटरांच्या चौकोनांतहि बोथटच होतो. आणि एका चौकोनांत आपलीं दोन-तीन शिवारें सहज मावतात, हें विसरतां कामा नये.

यांतून शेतकऱ्यानें घ्यावयाचा बोध असा कीं, पाऊस दोन खात्यांवर मांडावा: एक रानाचा, दुसरा नदीचा. रानाचा पाऊस आपल्या शिवारांत पडतो. त्याचा मोबाईलवरचा आंकडा थोडा कमी धरूनच चालावें, व बांधावर एक साधा पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळीं टिपण करावें. दोन-तीन हंगामांत अंदाज व आपलें रान यांतील फरक ज्याचा त्यास कळून येईल.

नदीचा पाऊस मात्र घाटांत पडतो. भोगावती, तुळशी, कुंभी व कासारी यांच्या खोऱ्यांत कोसळलेलें पाणीच पंचगंगेंतून इचलकरंजीकडे येतें. उत्तरेस वारणेचीहि तीच तऱ्हा. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांवर गेलें होतें. तेथें इशारापातळी ३९ फूट व धोकापातळी ४३ फूट आहे, हें लक्षांत घेतां तो प्रसंग किती मोठा होता हें उघड आहे. नदीकांठच्या उंसाचें भवितव्य आपल्या डोक्यावरील ढगांवर तितकें नसतें, जितकें तें राधानगरी, गगनबावडा व शाहूवाडीकडील ढगांवर असतें.

म्हणून हवामानखात्याच्या इशाऱ्यांत ‘कोल्हापूर घाट’ असा जो वेगळा उल्लेख येतो तो आधीं वाचावा. घाटास लाल वा नारिंगी इशारा असेल, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची वर्दी असेल, तर आपल्या गांवीं नुसती भुरभुर असली तरी नदीकांठची मोटर काढून घ्यावी, जनावरें व वैरण उंचावर न्यावी. घाटांतील पाणी आपणांपर्यंत येण्यास वेळ लागतो. तेवढाच वेळ आपल्या हातीं असतो, आणि तो आभाळाकडे पाहत बसण्यांत घालवूं नये.