कोल्हापूरची हद्द आणि हद्दीपलीकडची गावे

कोल्हापूर शहरातून दक्षिणेस पाचगावाकडे अगर पूर्वेस उचगावाकडे जाणाऱ्या रस्त्याने जो कोणी प्रथमच निघेल, त्याला शहर कोठे संपले आणि गाव कोठे सुरू झाले हे दुसऱ्या कोणी दाखविल्यावाचून कळणार नाही. कारण रस्त्याच्या दुतर्फा तीच दुमजली-तीनमजली घरे, तीच किराणा मालाची आणि औषधांची दुकाने, तेच शिकवणीवर्गांचे फलक आणि सकाळच्या प्रहरी शहराकडे धावणारी दुचाकींची तीच अखंड रांग त्याला दिसेल. सरकारी दप्तरात मात्र या वस्तीच्या मधून एक रेषा गेलेली आहे. रेषेच्या अलीकडच्या घराची नोंद महापालिकेच्या घरफाळा विभागात असते, तर पलीकडच्या घराची ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये. अलीकडे कचरा उचलण्याची जबाबदारी नगर प्रशासनाची, पलीकडे ती सरपंचाची. आणि दोहोंच्या मधे जी मोकळी जागा उरते, तिथे साठलेला कचरा कोणी उचलावा याचा निर्णय बहुधा होतच नाही. ही रेषा पुढे सरकवावी की नाही, सरकवली तर किती आणि कोणत्या अटींवर, याचा वाद कोल्हापुरात तीन दशकांहून अधिक काळ चालू आहे, आणि ‘हद्दवाढ’ म्हटले की शहरातला रिक्षावाला काय आणि गावातला शेतकरी काय, दोघेही हातातले काम बाजूला ठेवून बोलू लागतात.

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची, म्हणजे या प्रांतातील फार जुन्या नगरपालिकांपैकी एक. १५ डिसेंबर १९७२ रोजी तिची महानगरपालिका झाली. परंतु नाव वाढले तरी मुलूख वाढला नाही. ६६.८२ चौरस किलोमीटर हे जे क्षेत्र तेव्हा होते, तेच पुढे कायम राहिले, आणि २०११ च्या जनगणनेत त्या क्षेत्रात ५,४९,२३६ माणसे मोजली गेली. संस्थानी काळात शहर वाढवायचे म्हणजे पेठ वसवायची, अशी रीत होती. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसली, पुढे राजारामपुरी आली, आणि तिच्या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्या पाहिल्या म्हणजे कोणीतरी आधी नकाशा काढला, मग रस्ते आखले आणि त्यानंतर माणसांना बोलाविले, हे आजही लक्षात येते. स्वातंत्र्यानंतर हा क्रम उलटला. माणसे आधी आली, घरे झाली, आणि नकाशा काढणारा अद्याप यावयाचा आहे.

वाढ कोणत्या दिशेने झाली, याला नदी कारण आहे. पंचगंगा शहराच्या पश्चिम आणि उत्तर अंगाने वळसा घेऊन जाते. राजाराम बंधाऱ्यावर तिची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची पातळी ४३ फूट मानली जाते, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही पावसाळ्यांत पाणी त्याच्याही पुष्कळ वर चढले. त्या अंगाला घर बांधणे म्हणजे दर काही वर्षांनी संसार माळ्यावर चढविणे, हे प्रत्येक कोल्हापूरकर जाणतो. म्हणून वस्ती दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या माळाकडे सरकली. पाचगाव, मोरेवाडी, कळंबे तर्फ ठाणे, उजळाईवाडी, सरनोबतवाडी, उचगाव ही गावे त्या ओघात शहराला येऊन मिळाली. यातल्या कळंब्याचे ऋण तर शहरावर जुनेच आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शहराची तहान ज्या तलावाने भागविली तो कळंबा तलाव आजही हद्दीच्या पलीकडेच आहे. शहराचा विमानतळ उजळाईवाडीस, आणि मराठी चित्रपटाच्या वैभवाची आठवण म्हणून उभी राहिलेली चित्रनगरी मोरेवाडीस. म्हणजे ज्या गोष्टी आपण सहज ‘कोल्हापूरच्या’ म्हणतो त्यांपैकी कितीतरी महापालिकेच्या अमलाखाली नाहीत.

उद्योगांचे तसेच झाले. पूर्वी हद्दीवर जकात नाके असत आणि आत येणाऱ्या मालावर जकात पडे, तेव्हा कारखानदाराला नाक्याच्या बाहेर राहण्यात उघड फायदा होता. शिरोलीची आणि गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, जिथे ओतकामाच्या भट्ट्यांनी कोल्हापूरचे नाव देशभर केले, त्या दोन्ही वसाहती हद्दीबाहेरच राहिल्या. गांधीनगरची कथा तर अधिकच निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती; ते लोक गेल्यावर फाळणीने देशोधडीस लागलेली सिंधी कुटुंबे तिथे आली, आणि त्यांनी रित्या बराकींतून कापडाची अशी घाऊक बाजारपेठ उभारली की दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील दुकानदार आज तिथे माल भरण्यास येतात. या बाजाराकडे जाणारा तावडे हॉटेलपासूनचा रस्ता शहराच्या ऐन प्रवेशद्वाराशी आहे. आणि त्या रस्त्यालगतची जमीन महापालिकेच्या हद्दीत की उचगावच्या, यावरून वाद होऊन तो न्यायालयापर्यंत गेला. जिथे हद्दीविषयीच एकमत नाही, तिथे बांधकामाला परवाना कोणी द्यावयाचा आणि बेकायदा मजला कोणी उतरवावयाचा, हे कसे ठरावे?

हद्दवाढीचा पहिला मोठा ठराव १९९० साली झाला आणि त्यात ४२ गावे होती. त्यानंतर प्रस्ताव गेले, परत आले, दुरुस्त झाले. गावांची संख्या कधी सतरा-अठरावर, कधी वीसवर येऊन ठेपली आणि अलीकडे तर आठ गावांपुरता विचार पुढे आला. शहरात हद्दवाढीची मागणी करणाऱ्या कृती समितीने उपोषणे केली, मोर्चे काढले. गावांनी त्याला ‘बंद’ पाळून उत्तर दिले. अखेर २०१७ साली शासनाने मधला मार्ग म्हणून ४२ गावांकरिता कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन केले. गावे ग्रामपंचायतींच्याच ताब्यात राहावीत आणि नियोजन मात्र एका हाती असावे, हा त्यामागील हेतू चांगला होता. परंतु प्राधिकरणाला पुरेसा नोकरवर्गही नाही आणि पुरेसा पैसाही नाही, अशी तक्रार आरंभापासून राहिली. जिला बांधकामाची परवानगी देता येते पण रस्ता, गटार आणि नळ देता येत नाही, त्या संस्थेकडून गावकऱ्याने कोणती आशा धरावी? शहराचे समाधान झाले नाही आणि गावांचेही झाले नाही.

शहराची बाजू समजण्यास अवघड नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ साली बहुतांशी उठला, २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईवर महापालिकेची भिस्त आली. स्वतःच्या उत्पन्नाची जी वाट उरली ती मुख्यतः घरफाळ्याची, आणि घरफाळा तर जमिनीनेच वाढतो. शासनाच्या मोठ्या योजनांत लोकसंख्या पाहिली जाते. शहराच्या रुग्णालयांत, बाजारांत, शाळांत रोज येणारा माणूस हद्दीबाहेरचा असतो, महापालिकेच्या केएमटीची बस त्याला त्याच्या गावापर्यंत पोचविते, आणि या सगळ्याचा भार मात्र आतल्या करदात्यावर पडतो, हे गाऱ्हाणे खोटे नाही.

आता गावाकडून पाहावे. कायद्याने या कामी गावाला फार थोडा अधिकार ठेवला आहे. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने मोठे नागरी क्षेत्र ठरविताना लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक महसूल, शेतीबाहेरील रोजगाराचे प्रमाण आणि आर्थिक महत्त्व यांचा विचार व्हावा असे सांगितले. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे शासन महापालिकेशी विचारविनिमय करून हद्द बदलू शकते, मात्र आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. हरकती ऐकल्या पाहिजेत, मानल्याच पाहिजेत असे नाही. आणि ग्रामसभेने नकाराचा ठराव केला तरी तो हरकतीपेक्षा अधिक वजनाचा ठरत नाही. अंतिम अधिसूचना निघाली की ग्रामपंचायत संपुष्टात येते, तिची मालमत्ता, देणी आणि कर्मचारी महापालिकेकडे जातात, आणि ग्रामीण भागासाठी असलेल्या योजनांची दारे त्या गावाला बंद होतात.

घरफाळा वाढेल ही भीती सगळेच बोलून दाखवितात. वस्तुतः नव्या क्षेत्रात तो एकदम न वाढविता काही वर्षांत टप्प्याटप्प्याने शहराच्या दरास न्यावा, अशी तरतूद कायद्यातच आहे. खरी धास्ती जमिनीची आहे, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. समजा, रस्त्यालगत एखाद्या कुटुंबाचे वीस गुंठे आहेत. दोन भाऊ, त्यांची मुले, आणि ऊस काढून उद्या तिथे चार गाळे काढावेत असा बेत. गाव शहरात गेले, विकास आराखडा तयार झाला, आणि त्या वीस गुंठ्यांवर हिरवा रंग पडून ‘क्रीडांगण’ अशी अक्षरे उमटली. त्या दिवसापासून त्या जमिनीवर बांधकाम होत नाही, तिला गिऱ्हाईक मिळत नाही आणि बँक ती तारण घेत नाही; महापालिकेने ती संपादन करून पैसे द्यावेत, तर तिजोरीत तेवढे पैसे नसतात. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षे संपादनाची वाट पाहावी, मग नोटीस द्यावी, आणखी दोन वर्षे थांबावे, आणि तरीही काही घडले नाही तरच आरक्षण रद्द होते. बारा वर्षांत थोरल्या भावाची मुलगी लग्नाची होते, धाकट्याचा मुलगा नोकरीच्या शोधात पुण्यास जातो. मैदाने, बागा, शाळा यांना जागा हवीच, आणि ती कोणाच्या तरी शेतातूनच यावयाची. पण ज्याच्या शेतातून ती घ्यावयाची त्याला मोबदला कधी आणि कसा, हे आधी सांगण्याची रीत आपल्याकडे नाही, आणि मला या सर्व प्रश्नात सर्वांत अधिक जाचते ते हेच.

गावकऱ्यांचा अविश्वास हवेतून आलेला नाही. सोलापूरची हद्द १९९२ साली सुमारे ३३ चौरस किलोमीटरांवरून सुमारे १७८ चौरस किलोमीटरांवर नेली. तीन दशके लोटली तरी तिथे त्या वस्त्यांना ‘हद्दवाढ भाग’ असेच म्हणतात, आणि नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजणे तिथे अजून सुटलेले नाही. पुण्याने १९९७ साली ३८ गावे घेतली. २००१ साली त्यांतली १५ पूर्णतः वगळली. २०१७ साली पुन्हा ११ आणि २०२१ साली २३ गावे आली, आणि क्षेत्रफळाने पुणे राज्यातील सर्वांत मोठी महापालिका झाली. पण १९९७ च्या गावांतील टेकड्यांवरच्या जैववैविध्य उद्यानाच्या आरक्षणाचा निर्णय होण्यास २०१५ साल उजाडले. आणि ज्या गावांनी शहराचा कचरा वर्षानुवर्षे आपल्या शिवारात सोसला, ती फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ साली आत येऊन २०२४ साली पुन्हा बाहेर पडली व त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. कोल्हापूरच्या गावकऱ्याने वर्तमानपत्रात हे सारे वाचलेले आहे.

आणि त्याने शहराची स्वतःची परवडही पाहिली आहे. काळम्मावाडी धरणातून पन्नास किलोमीटरांहून अधिक लांबीच्या थेट नळाने पाणी आणण्याची योजना २०१३ च्या सुमारास मंजूर झाली. ते पाणी शहरात पोचले २०२३ च्या दिवाळीत. जे शहर आपल्या पेठांना पाणी देण्यास दहा वर्षे घेते ते आम्हांला किती वर्षांत देईल, असे गावकरी विचारतो तेव्हा त्याला आडमुठा म्हणणे अन्यायाचे होईल.

इतके असूनही, माझ्या मते हद्दवाढ झाली पाहिजे, निदान शहराला अखंड भिडलेल्या गावांची तरी झालीच पाहिजे. त्याचे कारण घरफाळा किंवा योजनांचा पैसा हे नसून सांडपाणी हे आहे. आज शहराचे मैलापाणी कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे नेण्याची काही व्यवस्था तरी आहे. पण माळावर वाढलेल्या वस्त्यांचे पाणी उघड्या गटारांतून ओढ्यात आणि ओढ्यातून पंचगंगेत जाते. त्या नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तिचे पाणी खाली इचलकरंजीकडे, पुढे नृसिंहवाडीच्या संगमाकडे वाहत राहते. पाच-दहा हजारांच्या वस्तीला स्वतःचे मैलाशुद्धीकरण केंद्र उभारणे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे आहे. शिवाय गुंठेवारीने पाडलेल्या भूखंडांतून दहा-दहा फुटांच्या ज्या गल्ल्या राहिल्या आहेत, त्यांत अग्निशामक बंब शिरत नाही. प्रत्येक वर्ष उलटते तसा रुंद रस्त्याचा संभव कमी होत जातो, आणि आज आरक्षणाला भिणाऱ्या शेतकऱ्याच्याच नातवाला उद्या खेळावयास जागा उरत नाही.

फक्त क्रम बदलला पाहिजे. शिरोलीपासून गांधीनगरापर्यंत सारे एका फटक्यात मागण्याऐवजी पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव यांसारख्या लगतच्या गावांपासून आरंभ करावा. मसुदा अधिसूचना निघण्यापूर्वी महापालिकेने प्रत्येक गावासाठी स्वतंत्र कागद तयार करावा: जलवाहिनी कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या वर्षी येईल, सांडपाण्याची मुख्य वाहिनी कोठे मिळेल, घरफाळा कोणत्या वर्षी किती होईल, ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांना कोणत्या पदावर घेतले जाईल, आरक्षणाखाली जाणाऱ्या जमिनीला रोख मोबदला, हस्तांतरणीय विकास हक्क की जादा चटईक्षेत्र, आणि तो किती मुदतीत. आयुक्तांनी तो कागद स्वतः ग्रामसभेत वाचावा, प्रश्नांची उत्तरे द्यावीत, आणि पाण्याची तारीख चुकली तर त्या गावाच्या घरफाळ्याचा पुढचा टप्पा त्या वर्षापुरता थांबेल, असे त्यातच लिहून द्यावे. शासनाने अशा कागदावाचून आलेला कोल्हापूरचा कोणताही प्रस्ताव यापुढे परत पाठवावा.