पितळी समईची निगा

 कुंभकोणमजवळचे नाच्चियारकोविल समयांसाठी नावाजलेले असून तिथल्या ओतीव समईला भौगोलिक मानांकन आहे. समई उजळ ठेवायला महागडी पावडर लागत नाही, चिंच पुरते.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्ताचा मिश्रधातू. हवा, ओल आणि तेलाने त्यावर काळपट थर बसतो. चिंचेतले टार्टारिक आम्ल तो विरघळवते. पण आधी चिकट तेल निघायला हवे, नाहीतर चिंच वरवर फिरते आणि हात दुखतात. समईचे भाग आट्यांचे असतात. ते उलगडावेत, गरम साबणपाण्याने धुवावेत आणि आट्यांमधली काजळी जुन्या दातघासणीने काढावी. मग भिजवलेल्या चिंचेचा कोळ चोथ्यासकट चोळावा. हट्टी डागांवर चिमूटभर मीठ घ्यावे. दोन-चार मिनिटांत धुऊन लगेच कोरड्या सुती फडक्याने पुसावे. कोळ रात्रभर लावून ठेवणे चूकच, कारण आम्लाने जस्त आधी निघून जाते आणि पितळेवर तांबूस चट्टे उमटतात. तारेची घासणीही टाळावी, नक्षी झिजते. लाखेचा चकचकीत लेप दिलेल्या शोभेच्या वस्तूंना चिंच लावू नये.

स्वयंपाकाच्या पितळी भांड्यांची गोष्ट वेगळी. सांबार, ताक, चिंचेचे सार अशा आंबट पदार्थांनी पितळ कळकते, म्हणून आतून कल्हई हवीच. कल्हईतले कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये.