विजेवरची गाडी आणि आपले घर

काचीगुडा स्थानकाची इमारत १९१६ साली उभी राहिली. तेव्हापासून स्थानकाबाहेर माल आणि माणसे वाहून नेण्यासाठी उभ्या असणाऱ्या वाहनांच्या पिढ्या बदलत गेल्या. आधी बैलगाडी आणि टांगा होता, पुढे सायकलरिक्षा आणि हातबंडी आली आणि त्यानंतर पेट्रोल व डिझेलवरची तीनचाकी. आता बडी चावडी, चप्पल बाजार, निंबोळीअड्डा या भागांतील अरुंद गल्ल्यांतून विजेवर चालणारी गाडी दिसू लागली आहे. ती भाजीचे हारे, पाण्याचे कॅन, किराण्याची पोती आणि लग्नकार्याची भांडी वाहते. तिला धूर नाही, आवाज नाही आणि खर्चही थोडा. तेलंगण सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात विजेच्या वाहनांना २०२६ अखेरपर्यंत रस्ता कर आणि नोंदणी शुल्क माफ केल्यामुळे तिच्याकडे ओढा आणखी वाढला.

आपल्या वाचकांपैकी काहींच्या घरी खानावळीचा, मसाल्यांचा किंवा लोणची-पापडांचा व्यवसाय आहे. काहींच्या घरी नातवाची विजेवरची स्कूटर आहे. अशा घरांना उपयोगी पडावे म्हणून या वाहनाची निगा आणि त्यासंबंधीची सावधगिरी यांविषयी चार गोष्टी येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

या वाहनाचे मूळ आपल्याला अगदीच परके नाही. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तेथे डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीसच विजेवर चालणारी रिक्षा तयार केली होती. रिक्षा ओढणाऱ्या माणसाचे कष्ट कमी व्हावेत, हा त्यामागचा हेतू होता. तो हेतू आज पुष्कळ अंशी सफल झालेला दिसतो. तथापि प्रत्येक नवी सोय आपल्याबरोबर नवी शिस्तही मागते, आणि ती शिस्त कोणती हे नीट समजून घेतले पाहिजे.

पंप घरात आला

पेट्रोलची गाडी पंपावर भरली जाते. पंपावर विडी ओढू देत नाहीत, इंजिन बंद करावयास सांगतात आणि वाळूच्या बादल्या टांगलेल्या असतात. विजेची गाडी मात्र बहुधा आपल्या घरीच भरली जाते. म्हणजे पंप घरात आला, पण पंपावरचे नियम घरात आले नाहीत. आमच्या मते या वाहनाच्या बाबतीत विसरू नये अशी गोष्ट ती हीच. हे वाहन रस्त्यावर जितके जपून चालवावे, त्याहून अधिक जपून ते घरी उभे करावे आणि चार्ज करावे.

याची साक्ष आपल्याच प्रांतात मिळते. २०२२ च्या एप्रिलमध्ये निजामाबादेत एका घरात रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी पहाटे फुटली आणि ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ दगावले. त्याच वर्षी १२ सप्टेंबरच्या रात्री सिकंदराबादेत एका इमारतीच्या खालच्या भागातील विजेच्या स्कूटरींच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यांवर राहण्याचे हॉटेल होते. धूर जिन्यावाटे वर चढला आणि आठ जण प्राणास मुकले. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या कसोट्या अधिक कडक केल्या आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत त्या लागू केल्या. यास्तव जुनी किंवा हातची गाडी विकत घेताना तिची बॅटरी या तारखांच्या आधीची की नंतरची, हे अवश्य विचारावे.

बॅटरी दोन जातींची

स्वस्त तीनचाकींतून बहुधा शिसे आणि आम्ल यांची बॅटरी असते. फ्रान्समधील गॅस्तों प्लान्ते यांनी तिचा शोध १८५९ साली लावला. नव्या गाड्यांतून लिथियम-आयन बॅटरी असते. ती १९९१ साली बाजारात आली आणि तिच्या जनकांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोहोंचे स्वभाव निराळे आहेत, म्हणून पथ्येही निराळी.

शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एका ठिणगीने तो पेट घेतो. म्हणून ती बंद खोलीत, देवघराच्या समईजवळ किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून चार्ज करू नये. तिच्यात केवळ शुद्ध केलेले पाणी घालावे, नळाचे कदापि घालू नये. आणि तेही चार्जिंग पूर्ण झाल्यावर. आधीच काठोकाठ भरले तर चार्ज होताना आम्ल उतू जाते. मात्र पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतपत पाणी आधी घालावे. आम्ल अंगावर उडाल्यास वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवावे. डोळ्यात गेल्यास धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

लिथियमच्या बॅटरीला पाणी लागत नाही आणि तिची पेटी घरी उघडण्याचे कारणही पडत नाही. तिच्यात शेकडो लहान घट दाटीने बसविलेले असतात आणि त्यांच्यावर एक इलेक्ट्रॉनिक राखणदार असतो. मार बसल्याने, पाणी शिरल्याने किंवा अयोग्य चार्जरमुळे एखादा घट अतोनात तापला, तर तो शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला. आणि काही क्षणांत सारी पेटी भडकते. पेटी फुगलेली दिसली, गोडसर किंवा औषधासारखा वास आला, फुसफुस ऐकू आली किंवा गाडी उभी असतानाही पेटी गरम लागली, तर ती गाडी चालवू नये आणि चार्जही करू नये. ती घरापासून दूर, उघड्यावर ठेवून कारागिरास बोलवावे.

चार्ज कोठे आणि कसे करावे

आपली जुनी घरे एकाच जिन्याची असतात. मीटरचा बोर्ड जिन्याखाली, गाडी जिन्याखाली आणि बाहेर पडण्याची वाटही तीच. तेथे काही पेटले तर वरच्यांना उतरण्याचा मार्ग उरत नाही. १८ मे २०२५ रोजी गुलजार हौजजवळच्या एका जुन्या घरात आग लागून सतरा जण गेले. त्या घराचा जिनाही अरुंद आणि एकच होता. ती आग गाडीची नव्हती. पण जिना अडला म्हणजे काय होते ते त्या दिवशी साऱ्या शहराने पाहिले. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, जिन्याखाली, दारापाशी किंवा येण्याजाण्याच्या बोळात बॅटरी कधीही चार्ज करू नये. आकाश दिसेल अशी, उन्हापावसापासून आडोशाची आणि आजूबाजूस रद्दी, गॅसची टाकी किंवा कपड्यांचे गाठोडे नसलेली जागा शोधावी. चार-सहा कुटुंबांच्या वाड्यात सर्वांनी मिळून आवाराच्या भिंतीशी अशी एक जागा केली, तर खर्चही वाटला जातो. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर दूध घरोघर पोचविणाऱ्या हजारो गाड्या बॅटरीवर चालत; त्या रात्री दुग्धालयाच्या आवारात एका रांगेत चार्ज होत. ती व्यवस्था लहान प्रमाणावर आपल्यालाही करता येईल.

दुसरी गोष्ट तारांची. इस्त्री एक हजार वॅटची असते, पण ती अर्धा तास चालते. मोठ्या मालवाहू तीनचाकीचा चार्जर तीन हजार वॅटपर्यंत वीज घेतो आणि तीन-चार तास सतत चालतो. म्हणजे तारेतून तेरा अँपिअरचा प्रवाह अर्धा तास नव्हे, तर तीन-चार तास वाहतो. प्लगचा सांधा सैल असेल आणि तेथे अर्ध्या ओहमचाही अडथळा असेल, तर त्या एका ठिकाणी ऐंशी वॅटच्या दिव्याइतकी उष्णता निर्माण होते. प्लास्टिक वितळण्यास तेवढी पुरते. यास्तव सहा अँपिअरच्या साध्या प्लगवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर हे काम सोपवू नये. मीटरपासून स्वतंत्र जाड तार, सोळा अँपिअरचा प्लग, चांगले अर्थिंग, आणि गळती होताच वीज तोडणारी कळ एवढे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. घराचा मंजूर भार अपुरा असेल तर वीज कंपनीकडे अर्ज करून तो वाढवून घ्यावा. चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने प्लगवर हाताची मागची बाजू धरून पाहावी. तो कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर लगेच बंद करावे.

तिसरी गोष्ट वेळेची. मे महिन्याच्या उन्हात भरल्या मालाने धावून आलेली बॅटरी तापलेली असते. तिला तासभर निवू द्यावे आणि मगच चार्जिंगला लावावे. सर्वजण निजल्यावर रात्रभर चार्जिंग ठेवू नये. घरात कोणी जागे असेल अशीच वेळ निवडावी. गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियमला लावणे म्हणजे संकटास आमंत्रण देणे होय.

रस्त्यावर

गाडीला आवाज नाही ही सोय खरी, पण त्याच कारणाने वृद्धांना आणि मुलांना ती मागून आल्याचे कळत नाही. गल्लीत वेग माणसाच्या चालीइतका ठेवावा आणि वळणावर हॉर्न वाजवावा. इंजिन चालू असल्याची खूण नसल्यामुळे चालक किल्ली तशीच ठेवून उतरतो. एखाद्या मुलाने मूठ पिळली की गाडी झेप घेते. म्हणून उतरताना किल्ली काढून खिशात घालावी आणि हातब्रेक लावावा, हा नियम एकदाही मोडू नये. पुढे-मागे जाण्याची कळ गाडी पूर्ण थांबल्यावरच फिरवावी.

ई-कार्ट म्हणून नोंदलेल्या गाडीला कायद्याने ३१० किलोपर्यंत माल आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग अनुज्ञेय आहे. इतर मालवाहू तीनचाकींची मर्यादा त्यांच्या नोंदणीपत्रात लिहिलेली असते. अधिक माल भरल्यास मोटार आणि तारा तापतात, थांबण्यास अधिक अंतर लागते आणि तीन चाकांची गाडी वळणावर कलंडते. जड वस्तू तळाशी आणि मध्यभागी ठेवाव्यात आणि दोरीने बांधाव्यात. मालाच्या हौद्यात माणसे बसवू नयेत, मग ती घरचीच असोत.

नित्याची देखभाल

रोज सकाळी चाकांतील हवा, ब्रेक, दिवे आणि हॉर्न पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. हवा कमी असली की तेवढ्याच विजेत गाडी कमी अंतर जाते. आठवड्यातून एकदा शिशाच्या बॅटरीचे पाणी आणि टोके पाहावीत. टोकांवर पांढरी-निळी बुरशी दिसल्यास तार सोडवून, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने ती पुसावी, पाणी बॅटरीत जाऊ देऊ नये. कोरडे झाल्यावर तार घट्ट आवळून व्हॅसलीन लावावे. या कामाआधी अंगठी, बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीचे अठ्ठेचाळीस व्होल्ट फारसा झटका देत नाहीत हे खरे. पण एखादा पाना किंवा बांगडी दोन टोकांवर आडवी पडली, तर धातू क्षणात लालबुंद होतो. दर महिन्याला ब्रेकचे लायनर, तारांवरचे आवरण आणि उंदरांनी काही कुरतडले आहे का, ते पाहून घ्यावे.

पावसाळ्यात गाडी पाण्याच्या फवाऱ्याने धुऊ नये. ओल्या फडक्याने पुसावी. २०२० च्या ऑक्टोबरात हैदराबादेत झालेल्या पावसासारखा प्रसंग येऊन गाडी पाण्यात बुडाली, तर ती वाळली असे वाटले तरी चालू करू नये आणि चार्ज करू नये. प्रथम कारागिरास दाखवावी. आषाढीला पंढरपूरला किंवा दिवाळीत गावी जाताना लिथियमची बॅटरी सुमारे निम्मी भरून ठेवावी आणि शिशाची पूर्ण भरून. दोहोंचाही प्लग काढून ठेवावा.

आग लागलीच तर

प्लगपाशी लहानशी आग असेल तर मेन स्विच बंद करून कोरड्या भुकटीच्या अग्निशामकाने ती विझविता येते. चालू विजेवर पाणी ओतू नये. परंतु लिथियमची बॅटरी पेटली असेल, तर घरच्या माणसांनी तिच्याशी झुंज घेऊ नये. तिचा धूर विषारी असतो. वृद्ध आणि मुले यांना घेऊन, दारे ओढून घेऊन, लिफ्ट टाळून बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. बॅटरी लिथियमची आहे हे आवर्जून सांगावे, कारण तिला निवविण्यास पुष्कळ पाणी लागते. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. ती घरात परत आणू नये. गाडीतील कागदपत्रांसाठी किंवा मालासाठी कोणी मागे फिरू नये.

इतक्या सूचना वाचून कोणी या वाहनास भिऊन जावे, अशी आमची मुळीच इच्छा नाही. आपल्या घरात गॅसची शेगडी आली तेव्हाही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात धास्ती होती. पुढे रात्री नळी बंद करून निजण्याची सवय घराघरांत लागली आणि ती धास्ती ओसरली. विजेच्या गाडीचेही तसेच होईल. हा अंक हाती असतानाच घरातील कर्त्या माणसाने एकदा जिन्याखाली जाऊन पाहावे. तेथे गाडी आणि प्लग एकत्र असतील, तर ती जागा याच आठवड्यात बदलावी, एवढीच आमची विनंती आहे.