सुप्त कर्क मूलकोशिका

सुप्त कर्क मूलकोशिका : कर्करोगाच्या अर्बुदातील (गाठीतील) ज्या कोशिकांत (पेशींत) स्वतःसारख्या नव्या कोशिका निर्माण करण्याची क्षमता असते, परंतु ज्यांचे विभाजन दीर्घकाळ थांबलेले असते, त्यांना ही संज्ञा देतात. उपचारांनी अर्बुद दिसेनासे झाल्यावरही त्या शरीरात राहू शकतात आणि पुढे काही महिन्यांनी वा वर्षांनी रोग उलटण्यास कारणीभूत होऊ शकतात.

अर्बुदातील सर्व कोशिका सारख्या नसतात. बहुसंख्य कोशिकांची विभाजनक्षमता मर्यादित असते. थोड्या मूलकोशिका मात्र अर्बुद नव्याने उभे करू शकतात. कॅनडातील जॉन डिक व त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये रक्ताच्या एका तीव्र कर्करोगात अशा कोशिका असल्याचे दाखविले. पुणे येथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील शर्मिला बापट व त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये अंडकोशाच्या कर्करोगातील मूलकोशिकांचे संशोधन प्रसिद्ध केले. याच केंद्रात २००९ मध्ये अंजली कुसुंबे व बापट यांनी कोशिकापटलात मुरणारा अनुस्फुरक रंजक वापरून सुप्तावस्थेचा अभ्यास केला. प्रत्येक विभाजनात हा रंजक दोन कोशिकांत वाटला जाऊन फिका होतो. त्यामुळे ज्यांची चमक टिकते त्या कोशिका विभाजित झालेल्या नाहीत, असे ओळखता येते. वाढत्या अर्बुदातील सुप्तावस्था प्रामुख्याने मूलकोशिका व गुणसूत्रांची संख्या बिघडलेल्या कोशिका यांच्यामुळे असते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

उपचारांना होणारा रोध : रासायनी चिकित्सेतील अनेक औषधे डीएनएची प्रतिकृती तयार होताना किंवा कोशिका विभागली जाताना आघात करतात. निश्चल कोशिका या आघातातून सुटते. शिवाय अशा काही कोशिकांत औषध बाहेर टाकणारी प्रथिने व डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणा अधिक कार्यक्षम असतात. हा रोध उत्परिवर्तनाने येणाऱ्या कायमच्या रोधाहून वेगळा आहे. कोशिका जागी होऊन विभागू लागली की, ती पुन्हा औषधाला बळी पडू शकते. दीर्घकालिक मज्जाजन्य श्वेतकोशिकार्बुदात इमॅटिनिब या औषधाने रोग आटोक्यात येतो, तथापि औषध थांबविल्यावर काही रुग्णांत तो परत येतो. निश्चल मूलकोशिका मागे उरणे हे त्याचे एक कारण मानतात.

या कोशिका जागृत करून मारणे, सुप्तावस्थेतच नष्ट करणे किंवा कायम सुप्त ठेवणे, अशा तीन दिशांनी संशोधन चालू आहे. पहिल्या मार्गात जागी झालेली कोशिका औषधातून निसटण्याचा धोका असतो. म्हणून गाठ नाहीशी झाली, तरी वैद्याने सांगितलेला उपचारक्रम पूर्ण करणे व नियमित तपासणी चालू ठेवणे आवश्यक असते.